दमलो बुवा!

लिंबायतच्या बागेत सकाळी फिरायला गेलं की ते जोडपं दिसायचं. कापडाच्या लूमवर रात्रपाळी करून आलेला धिप्पाड नवरा आणि त्याचा दंड धरून सावकाश पावलं टाकणारी बायको. दर दोन बाकांनंतर तो मोठ्याने सुस्कारा टाकायचा, "दमलो बुवा! बसू जरा." एवढा गडी माणूस इतका कसा दमतो, याचं मला हसूच यायचं.

एकदा तो नळावर रुमाल भिजवायला गेला, तेव्हा ती माझ्या शेजारी बाकावर बसली होती. म्हणाली, "मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मज्जातंतूंचा आजार. औषधं चालूच आहेत. पण डॉक्टर म्हणतात, रोज चाला, अंग थंड ठेवा आणि थकायच्या आधी बसा. मला कोणी 'बस' म्हटलं की राग येतो. म्हणून हेच दमतात."

"तुम्हाला कळलंय, हे त्यांना माहितीये?"

"छे! सांगू नका हं."

तो आला. ओला रुमाल तिच्या मानेवर हलक्या हाताने पसरून त्याने तिला उठवायला हात पुढे केला. जागरणाने त्याचे डोळे मिटत होते. तिने ते पाहिलं, सरकून जागा केली आणि मोठ्याने सुस्कारा टाकला.

"दमले बाई! अजून बसू जरा."