कापसात मारलेले चेंडू

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये नागपूरच्या आमच्या दैनिकाने क्रीडा विभागाला घरून काम करायला सांगितले. मी लॅपटॉप घेऊन गावी, हिंगणीला आले आणि पाठोपाठ एसटी बंद झाली. घरात आई, बाबा आणि धाकटी बहीण होती. समोरच्या खोलीत कापूस होता. खरेदी केंद्र बंद पडल्यामुळे तो विकायचा राहिला होता. ढीग छतापर्यंत गेला होता. दाराजवळ एका माणसाला हात फिरवता येईल एवढीच जागा उरली होती.

बहीण व्यावसायिक टेनिस खेळत होती. म्हणजे छोट्या बक्षिसांच्या स्पर्धांत पात्रता फेरी खेळत होती आणि बहुतेक वेळा तिथेच हरत होती. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तिला एका स्पर्धेच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळाला होता. बाबांची आणि तिची शर्त ठरली होती. तिथे एक सामना जिंकली तर आणखी एक वर्ष खेळायचे. हरली तर बी.पी.एड. करून शाळेत खेळाची शिक्षिका व्हायचे. तिसरी शक्यता दोघांनीही धरली नव्हती.

स्पर्धा रद्द झाल्याची बातमी माझ्याकडेच आली. एजन्सीची कॉपी लांब होती, पण आमचे पान अर्ध्यावर आले होते आणि त्यात सगळ्या जगाच्या रद्द झालेल्या स्पर्धा बसवायच्या होत्या. बहीण मागे उभी राहून वाचत होती.

"किती ओळी देऊन राह्यली ताई?"

"तीन."

"माह्यासाठी तीन लय झाल्या. हारली असती तं एकही नसती आली."

मी तीनच ओळी दिल्या.

त्या दिवशी जेवताना तिने बाबांना विचारले, "मंग शर्तीचं काय?"

"हारली का तू?"

"नाई."

"जितली?"

"नाई."

"मंग मले काय इचारतं? त्या बिमारीले इचार."

आई म्हणाली, "दोघंही जेवा आधी."

वर्ध्याचे टेनिस कोर्ट बंद होते. गल्लीत निघाले की पोलीस पाटील हटकत. अंगणाच्या भिंती मातीच्या होत्या, चेंडू लागला की त्यांचे पोपडे निघत. सिमेंटची भिंत घरात एकच, समोरच्या खोलीतली. शाळेत असल्यापासून बहिणीचा सराव त्याच भिंतीवर झाला होता. आता ती कापसाच्या मागे होती.

बाबांनी ढिगावर जुनी चादर बांधून दिली. कापूस मळला तर केंद्रावर भाव पाडतात, म्हणून. बहीण दाराशी उभी राहून चादरीवर चेंडू मारू लागली. आवाज व्हायचा नाही. चेंडू लागायचा आणि तिथेच खाली पडायचा. काही चादरीच्या फटीतून आत जायचे. ते काढायला ती खांद्यापर्यंत हात घालायची. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, त्यांची खाज सुटते. तिच्या दोन्ही हातांवर पुरळ उठले. चौदा एप्रिलच्या जयंतीला गावात मिरवणूक नव्हती. आम्ही दारात दिवे लावले, खीर घरातल्या घरात खाल्ली, आणि नवा पांढरा ड्रेस घालून ती हात खाजवत बसली होती. पुढे तिने आत गेलेले चेंडू काढणे सोडून दिले.

मी त्याच घराच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत नेटवर्क मिळायचे तिथे, सामने नसलेले पान लावत होते. मला सुट्टीचा वार होता, पण जायला जागा नव्हती. माझे काम निदान रोज छापून येत होते.

जूनमध्ये केंद्राचा निरोप आला. बाबांबरोबर कापसाच्या गाडीवर मी आणि बहीणही गेलो. तोंडाला रुमाल बांधलेल्या ग्रेडरने प्रत बघायला कापसात हात घातला. हाताला कापूस आला नाही, पिवळा चेंडू आला. त्याने तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"काका, हे काय आहे?"

"बोंड आहे साहेब," बाबा म्हणाले. "नवं बियाणं."

रांगेतले लोक हसले. ग्रेडरने पुन्हा हात घातला. आणखी एक निघाला.

"पीक चांगलं आहे तुमचं."

"याचा भाव किती लावता?"

"घरी घेऊन जा," तो म्हणाला आणि कापूस पास केला.

घरी आल्यावर बहिणीने समोरची खोली झाडली. भिंत मोकळी झाली होती. तिने रॅकेट घेतली आणि चेंडू मारला. तो भिंतीवरून परत आला, तिच्या कमरेजवळून गेला आणि दारातून अंगणात पडला. ती जागची हलली नव्हती. दुसऱ्या चेंडूचेही तेच झाले. मारून झाला की ती थांबत होती.

बाबा अंगणात गाडी धूत होते. दोन्ही चेंडू उचलून ते दारात आले.

"काऊन वं, उभी काऊन राह्यतं?"

"कापसातून वापस येतच नव्हता ना, बाबा."

बाबांनी चेंडू सदऱ्याला पुसले. मग मला विचारले, "थे स्पर्धा आता कवा होईन?"

"माहीत नाही."

"पेपरवालीलेच माहीत नाई." ते उंबऱ्यावर बसले. "शर्त जशीच्या तशी आहे, पोरी. एक सामना. जवा होईन तवा. यंदाचा कापूस मांगच्या खोलीत भरू."

आतून आई म्हणाली, "मांगच्या खोलीत आपण झोपतो."

"छपरीत झोपू."

"हिवाळ्यात?"

बाबांनी एक चेंडू बहिणीकडे टाकला. तिने मारला, तो परत आला, आणि या वेळी तिने एक पाऊल टाकले. रॅकेटची नुसती कड लागली. चेंडू वाकडा उडून दाराकडे गेला. उंबऱ्यावर बाबा बसले होते, त्यांनी तो हाताने अडवला.