रूथचं न झालेलं लग्न

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. रविवारच्या उपासनेत पापकबुलीची प्रार्थना असते. सगळे डोळे मिटतात आणि मनातल्या मनात आपापलं सांगतात. मी तिथं काय सांगते? चिडले, वहिनीला टाकून बोलले, आळस केला — अशी किरकोळ पापं देवापुढं ठेवते आणि डोळे उघडते. ही एक गोष्ट तेवढी मागंच राहते. देवाला ती ठाऊक असणारच. तुम्हाला नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मी मूळची श्रीरामपूरची. नोकरी मात्र सगळी पुण्यात झाली, एका कॉलेजच्या ऑफिसात. शेवटची बारा वर्षं परदेशी विद्यार्थ्यांच्या टेबलावर होते. फी, व्हिसाचे कागद, हॉस्टेलची पत्रं. टांझानिया, सुदान, केनिया, नायजेरिया, कुठून कुठून पोरं यायची आणि रांगेत उभी राहून दमायची. मी त्यांना खुर्ची द्यायचे, पाणी विचारायचे. बाई प्रेमळ आहेत असं माझं नाव होतं. मलाही ते पटलं होतं — हा भाग लक्षात ठेवा.

त्यांच्यातच नीमा होती. टांझानियाची, समाजकार्य शिकायला आलेली. भाजीवाली फसवते म्हणून हट्टानं मराठी शिकली, आणि असं शिकली की पुढं भाजीवालीच तिला घाबरायला लागली. एका नाताळला मी तिला श्रीरामपूरला घरी घेऊन आले. आईनं तिला करंज्या भरायला बसवलं. हिच्या करंज्यांची तोंडं तेलात उघडली. आई म्हणाली, "असू दे गं, उघड्या तोंडाच्या बी ग्वाडच लागत्यात." माझी भाची रूथ मला आत्या म्हणते ते तिनं ऐकलं, आणि त्या दिवसापासून मी तिचीही आत्या झाले.

या मुलांचा दरवर्षी पुण्यात एक कार्यक्रम व्हायचा. त्यांची गाणी, ढोल, त्यांचे कपडे, त्यांचं जेवण. करणारे तेच आणि बघणारेही तेच. त्या वर्षी मात्र त्यांच्यातल्या एका मुलाला भररस्त्यात मारलं. कारण काय, तर गाडी कुठं लावली. भोवती पन्नास माणसं होती आणि ती मोबाईल धरून उभी राहिली. नीमा चिडली नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही. म्हणाली, आत्या, या वर्षी मराठी माणसांना बोलवायचं. आधी गाणी, मग जेवण, आणि मध्ये दहा मिनिटं मी बोलणार. मराठीत बोलणार.

ते भाषण आम्ही माझ्या जेवणाच्या टेबलावर चार संध्याकाळी बसून लिहिलं. ती बोलायची, मी दुरुस्त करायचे. सुरुवातीला मी "आदरणीय व्यासपीठ" वगैरे घातलं होतं. तिनं ते खोडलं. म्हणाली, शेजाऱ्याला कुणी आदरणीय म्हणतं का? आणि तिनं स्वतःच्या अक्षरात वर लिहिलं — नमस्कार. माझं नाव नीमा. मी तुमच्या शेजारी राहते.

हॉल परदेशी मुलांच्या नावावर मिळत नव्हता. अर्जावर इथल्या रहिवाशाची सही हवी होती. शिवाय मराठीत पत्रकं छापायची, तर खाली निमंत्रक म्हणून कुणाचं तरी नाव हवं. मला कुणी विचारलंही नव्हतं. मीच म्हणाले, मी आहे ना! छातीवर हात ठेवून म्हणाले.

आता सांगायलाच हवं. किती लांबवू?

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांच्या पत्नी आणि मी, दोघीच लिफ्टमध्ये होतो. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे हल्ली ते लोक फार येतात, नाही?" आणि मग हसून, माझ्या दंडाला बोट लावून, "तुमच्या गावाकडचे का?"

मी काळी आहे. सावळी वगैरे नाही, काळी. मला बघायला आलेली माणसं "मुलगी गुणी आहे" म्हणायची आणि मग चहाच्या कपात बघत बसायची. म्हणून लग्न राहूनच गेलं. तर ते बोट माझ्या दंडावर का आलं हे मला बरोबर कळलं. आणि मी काय केलं? मी हसले. त्यांच्यापेक्षा जास्त हसले.

त्या सोसायटीत "आपल्यातलीच" व्हायला मला कितीतरी वर्षं लागली होती. आडनावावरून आधी सगळ्या चाचरायच्या. हळूहळू संक्रांतीचा तिळगूळ माझ्याही हातावर पडायला लागला. आता माझं नाव छापलेली पत्रकं त्याच गल्लीत वाटली जाणार होती. त्या रात्री झोप अशी लागली नाहीच. तिळगुळाची वाटी कुणी पुढं करेल का, एवढाच विचार करत मी पडून होते. मोठी माणसं मोठ्या कारणांनी भितात. माझं कारण एवढंच होतं.

आणि असंही नाही की मला कळत नव्हतं. माझ्या आजोबांना नेवाशाकडच्या त्यांच्या गावात विहिरीवर चढू देत नव्हते. ते ख्रिस्ती झाले, शिकले, मास्तर झाले. ही गोष्ट मीच नीमाला सांगितली होती आणि तिनं ती वहीत उतरवून घेतली होती. मला सगळं कळत होतं.

सही शुक्रवारी करायची होती, अर्जाची तीच शेवटची मुदत होती. गुरुवारी दुपारी मी घराला कुलूप लावलं आणि श्रीरामपूर गाठलं. तिथून नीमाला मेसेज केला, की भाचीचं लग्न अचानक ठरलं, रविवारी आहे, मला येता येत नाही. रूथ तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. लग्नाचा कुणाच्या मनात विचारही नव्हता. नीमाचं उत्तर लगेच आलं. फुलंच फुलं, आणि खाली, "काळजी करू नका आत्या, आम्ही बघतो." मी सुटले असं मला वाटलं. जेवण गेलं, झोप लागली.

रविवारी आम्ही चर्चमधून आलो. भाऊ साखर कारखान्यात ड्युटीवर होता, वहिनी माहेरी गेली होती. मटण शिजत होतं, रूथ कांदा चिरत होती. आणि गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजायला लागला.

मी दारात आले. नीमा आणि तिच्यामागं सात जण. पिवळेधमक कपडे, स्टेजवर घालायचे तेच. दोन ढोल. पहाटे पुण्याहून निघाले होते. आमच्या स्टेशनाच्या पाटीवर बेलापूर लिहिलेलं असतं, श्रीरामपूर नाही. पण नीमाला ते नाताळपासून ठाऊक होतं, म्हणून बरोबर उतरले. स्टेशनापासून घरापर्यंत वाजवत, गात आले. मागं पोरं, कुत्री, अर्धी गल्ली. समोरची मावशी ओट्यावरून ओरडली, "आवं, कुनाचं लगीन हाय?"

हॉल मिळाला नव्हता. गाणी बसवलेली होती, कपडे शिवून तयार होते. मग वाया कशाला घालवायचं, आत्याच्या घरी लग्न आहे, तिथं जाऊन गाऊ — असं त्यांनी ठरवलं होतं. तुम्हाला सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर नाराजीचा मागमूस नव्हता.

कोपऱ्यापासून आमच्या दारापर्यंत चाळीस पावलं असतील. तेवढा वेळ माझ्याकडं होता. "मी खोटं बोलले" हे म्हणायला किती वेळ लागतो? नीमा दारात आली, मांडव नाही, पाहुणे नाहीत हे तिनं बघितलं आणि माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला — मोडलं.

ढोल थांबले. नीमाचा हात तोंडावर गेला. ती सरळ आत गेली आणि रूथला तिनं छातीशी धरलं. रूथच्या हातात सुरी तशीच होती. तिनं नीमाच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं, मग आजीकडं, आणि हळूच मान खाली घातली. कांद्यानं डोळे भरलेलेच होते. एकोणीस वर्षांची पोर माझ्यासाठी मोडलेल्या लग्नाची नवरी झाली.

आईनं चहाचं आधण ठेवलं. एवढंच म्हणाली, "बसा रं पोरांनो. च्या घ्या."

मग ते आमच्या अंगणात बसले. ढोल भिंतीला टेकवून ठेवले होते. नीमानं तिच्या भाषेत प्रार्थना केली, रूथचं नाव तेवढं कळत होतं. आणि मग सगळे गायले. लग्नाचं नाही, कुणाच्या घरी दुःख झालं की त्यांच्याकडं म्हणतात ते गाणं. हलक्या आवाजात, एकमेकांत आवाज मिसळून. इतकं सुंदर गाणं आमच्या अंगणात कधी झालं नाही. शेजारच्या बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. मीही रडले. कशासाठी रडले ते विचारू नका.

तिघींपुरतं मटण अकरा जणांत वाटलं. निघताना नीमानं रूथला एक पिवळं कापड दिलं. मी तिला विचारलं, तुझं भाषण? ती म्हणाली, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षापर्यंत तिचं शिक्षण संपलं आणि ती परत गेली. बाकीचेही पांगले. ते भाषण कुणी ऐकलं नाही.

ते गेल्यावर आई चुलीपाशी बसली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू खोटं बोललीस, ते तुझं तू बघ. मला आन् पोरीला त्यात कशाला बसवलंस?" मरेपर्यंत पुन्हा तिनं हा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

इथवर माझा भित्रेपणा झाला. याच्या पुढचं जे आहे त्याला मला शब्द सापडत नाही.

गल्लीत बोभाटा झाला, रूथचं ठरलेलं मोडलं म्हणे. भाऊ ड्युटीवरून आला तो तापलेलाच. कुणी उठवलं हे? मी शांतपणे सांगितलं — नीमाला मराठी नीट कळत नाही रे, तिचा काहीतरी गैरसमज झाला. नीमाला! जिच्या मराठीचं कौतुक मी ऑफिसभर सांगत फिरायचे. भावाला पटलं. सगळ्या गल्लीला पटलं. परकी माणसं, त्यांना काय कळणार. किती सोपं होतं ते. ती गावात नव्हती, मी होते.

नीमा दर नाताळला मेसेज करते. आईच्या करंज्यांची आठवण काढते. मग विचारते, रूथ कशी आहे? मी लिहिते, बरी आहे.

गेल्या मे महिन्यात रूथचं लग्न झालं. खरं लग्न, चर्चमध्ये, मग मंगल कार्यालयात जेवण. मी नीमाला कळवलं होतं. त्या दिवशी दुपारी तिचं रेकॉर्डिंग आलं, सोबत दोन शब्द — "मांडवात लावा." मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन मोबाईल कानाला लावला.

"नमस्कार. माझं नाव नीमा. मी तुमच्या शेजारी राहायचे."

तेच वाक्य. आमच्या टेबलावरचं. तिला पाठ होतं. पुढं ती म्हणत होती, की रूथचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा आम्ही तुमच्या अंगणात बसून रडलो, आज आम्ही गाणार आहोत. आणि मग ढोल सुरू झाला. किती माणसं गात होती कोण जाणे. तिनं तिकडं माणसं गोळा केली होती.

मांडवात नवऱ्याकडची दोनशे माणसं बसलेली. भाऊ माईकपाशी उभा होता, त्यानं मला मोबाईल घेऊन येताना बघितलं. म्हणाला, "आफ्रिकेच्या पोरीचं हाय का? लावू का?"

मी म्हणाले, आवाज नीट येत नाही.

स्टेजवर रूथच्या खुर्चीवर ते पिवळं कापड अंथरलेलं होतं. ते तिनं स्वतः हट्टानं घातलं होतं. तिनं लांबून मला खुणेनं विचारलं, नीमाताईचं काही आलं का? मी हातानंच सांगितलं, शुभेच्छा आल्यात.

संध्याकाळी नीमाचा मेसेज आला. आत्या, लावलं का? लोकांनी ऐकलं का?

मी लिहिलं, हो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.