आक्काचे शाळेतले आठ दिवस

आमची थोरली बहीण आक्का. कोल्हापुरात आम्हा चांभारांच्या गल्लीत चपलेची वेणी तिच्याइतकी बारीक कुणी घातली नाही, आणि तिच्याइतकं तोंडही कुणाचं चाललं नाही. मी दुसरीत शाळा सोडली. ती तर गेलीच नाही, तरी मास्तरला शिकवून आली.

त्रेपन्न सालातलं सांगते. तिची लीला सात वर्षांची, नुकतीच शाळेत जायला लागलेली. एका रविवारी तिनं भातुकली मांडली. पांढऱ्या फडक्याची बाहुली पाटावर, काळ्या फडक्याची उंबऱ्याबाहेर. पांढरीपुढं पेला ठेवला, काळीच्या तोंडात वरून धार धरली. शाळेत आमच्या पोरांना शिपाई असंच पाजायचा. पोरांनी पेल्याला हात लावायचा नाही, ओंजळ धरायची.

आक्कानं विचारलं, ही बाहेरची कोण गं?

"ही मी. घाण हाय न्हवं, म्हणून वरनं."

आक्का त्या दिवशी जेवली नाही. सकाळी जाऊन मास्तरांपुढं उभी राहिली. मास्तर वाईट नव्हते, भित्रे होते. रिवाज आहे, गावातले लोक पोरं काढून नेतील, असं सांगत बसले.

"लिवायला शिकंल म्हणून पोरगी धाडली, मास्तर. सवताला घाण म्हणायला ती हितं शिकली."

त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत आक्का वेणीचं काम घेऊन शाळेच्या पायरीवर बसायला लागली. ओल्या चामड्याचा वास तो. हेडमास्तर नाकाला उपरणं लावून तिला वळसा घालून चढायचे. कुणी ऊठ म्हटलं की ही म्हणायची, पेला पोरीच्या हातात द्या, उठते. सात दिवस कुणी दिला नाही. कामात मात्र खंड नाही, तीन जोडांच्या वेण्या त्या पायरीवरच झाल्या.

आठव्या दिवशी मास्तरांनीच शिपायाच्या हातातून पेला घेतला, भरला आणि लीलापुढं धरला. अन् आमची बया! सवयीनं ओंजळ धरून उभी. सगळी शाळा बघत होती. आक्का जागची हलली नाही.

"हात सोड, लीला. पेला घे."

लीलानं आईकडं बघितलं. मग पेला घेतला, ओठाला लावला आणि घटाघटा प्याली, निम्मं पाणी झग्यावर. मास्तरांनी पेल्यासाठी हात पुढं केला. तिनं दिला नाही. आपणच माठाकडं गेली, तोच पेला पुन्हा भरला आणि सगळ्यांच्या देखत सावकाश प्याली.