गेनोवेफाबाईंनी न शिकलेलं वाक्य

पुढचा उन्हाळा काही दिसायचा नाही, असं डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगून टाकलं. गेनोवेफाबाईंनी तपासणीचे कागद पिठाच्या डब्यामागे सरकवले आणि कोणाला पत्ता लागू दिला नाही. बाई हट्टाची! सान नदीकाठच्या त्या गावात बत्तीस वर्षं टपाल वाटलं, लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या दारोदार पोचवल्या, आणि स्वतःची मात्र दाबून ठेवली.

त्याच संध्याकाळी त्या वरच्या खोलीतल्या भाडेकरूकडे गेल्या. कोल्म आयर्लंडचा, गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा.

"मास्तर, मला इंग्रजी शिकवा. नाताळपर्यंत."

"एवढी घाई कसली, बाई?"

"नात येतेय स्कॉटलंडहून. आमच्या लेकीने, बोझेनाने, पोरीला आपली भाषाच शिकवली नाही, अक्कल गहाण टाकलीय मेलीने! ओपवातेक मोडताना मी काय मुक्यासारखी उभी राहू?"

ओपवातेक म्हणजे चर्चमधून आणलेली पापडाएवढी पातळ पोळी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी एकमेकांच्या हातातली मोडून खायची, डोळ्यांत बघून शुभेच्छा द्यायच्या, मगच जेवायला बसायचं. नऊ वर्षांच्या इगाला बाईंनी उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. आता एकदा तरी तिच्याशी नीट बोलायचं, एवढंच उरलं होतं.

स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता शिकवणी चाले. तब्येत सांभाळ, खूप शीक, आईला जप. बाईंनी सगळं घोकलं. शेवटी कोल्मने प्रत्येक घरी म्हणतात ते वाक्य लिहून दिलं: पुढच्या वर्षीही याच टेबलाशी भेटू.

बाईंनी वही सरकवली. "हे नको."

"अहो, सगळ्यात सोपं आहे हे."

"नको म्हटलं ना!"

म्हातारं डोकं थकलं असेल, असं त्याला वाटलं.

दरवर्षी बाई ओपवातेक पाकिटात घालून लेकीला पाठवायच्या. यंदा नाही पाठवली. माणसं येतायत तर टपाल कशाला? आणि तीन दिवस आधी बोझेनाचा फोन आला. "आई, रजा नाही गं मिळाली."

बाईंची नजर पिठाच्या डब्याकडे गेली. आता सांगावं का? "बोझेना..."

"काय गं?"

"काही नाही. पोरीला गरम कपडे घाल."

तीन दिवसांत पाकीट पोचत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

ती संध्याकाळ आली. पहिली चांदणी दिसली. टेबलावर बीटाचं सार, तळलेला मासा, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक रिकामी ताटली. सोबतीला एकटा कोल्म. फोनच्या पडद्यावर इगा, आणि तिच्या हातात बिस्किट! बाईंना रडूच कोसळणार होतं. पण त्यांनी पोळी हातात धरली आणि घोकलेलं सगळं एका दमात म्हटलं. एक चूक नाही.

"आजी, तुला माझ्यासारखं बोलता येतं!" पोर हरखून गेली. "पुढच्या वर्षी आम्ही नक्की येऊ हं. याच टेबलाशी भेटू. तू पण म्हण ना."

बाईंना शब्दन् शब्द कळला. मास्तरांनी शिकवलंच तसं होतं, जळलं मेलं ते शिकवणं!

विसरल्या असतील म्हणून कोल्मने हळूच वाक्य पुरवलं. एकदा. दोनदा.

बाईंनी हातातली उरलेली पोळी अख्खी तोंडात कोंबली आणि गालाकडे बोट दाखवलं, तोंड भरलंय म्हणून.

इगा खदाखदा हसली.