सीताफळीच्या फांद्या

सुरुवातीलाच क्षमा मागतो. मी लेखक नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्या शिक्षणाचा उपयोग पुढे पंचनामे आणि रोजनामचे लिहिण्यातच झाला. गोष्ट कशी सांगतात ते मला ठाऊक नाही. लिहू की नको, असे बरेच दिवस चालले होते. पण एका प्रकरणातल्या फांद्या निवृत्तीनंतरही डोळ्यांसमोरून हलत नाहीत, म्हणून धीर केला. नावे कोणाचीच देत नाही.

वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. फौजदार म्हणून माझी नेमणूक हिंगणघाटकडच्या एका ठाण्यात झाली होती. नागपूरहून हैदराबादला जाणारी सडक आमच्या हद्दीतून जायची. जिनिंगच्या हंगामात त्या सडकेवर कापसाच्या गाठी लादलेले ट्रक सतत असत. एका सकाळी गावच्या कोतवालाने येऊन वर्दी दिली, “साहेब, नाल्यात ट्रक पडला. डायवर मेला हाय.”

मी आणि हवालदार सायकलींवर गेलो. ट्रक पुलाशेजारी तोंडावर पडलेला होता. ड्रायव्हर स्टिअरिंगवर होता. आधी अपघातच वाटला. पण अर्ध्याहून अधिक गाठी गायब होत्या, आणि पुढे डॉक्टरांनी सांगितले की डोक्यावरची जखम पडून झालेली नाही, लोखंडी वस्तूने मारून झालेली आहे. म्हणजे आधी मारून, मग त्याला स्टिअरिंगवर बसवून ट्रक नाल्यात ढकलला होता. जवळच सडकेच्या कडेला झाडाच्या काही फांद्या पडल्या होत्या. पंचनाम्यात मी त्यांची नोंद केली, एवढेच.

पुलापासून थोड्या अंतरावर एका जुन्या ड्रायव्हरचे हॉटेल होते. अपघातात त्याचा पाय गेल्यासारखाच झाला होता, लंगडत चालायचा. त्या सडकेवरच्या कितीतरी ड्रायव्हरांच्या हाती त्यानेच पहिल्यांदा स्टिअरिंग दिले होते. सगळे त्याला ‘उस्ताद’ म्हणत. आम्हीही म्हणायचो. गस्तीवर गेलो की चहा तिथेच. त्या दुपारी तो स्वतः टांगा करून ठाण्यात आला. डोळे लाल होते.

“साहेब, पोरासारखा होता तो मले,” तो म्हणाला. “सांगू का नको, असं होऊन राह्यलं. काल संध्याकाळी माह्याच हॉटेलात दोघं जेवले. गाडी कोणं चालवावी याच्यावरून दोघांची लागली. जोडीदार म्हणे, ‘तुले पाहून घेतो.’”

ट्रकवर दोन ड्रायव्हर होते हे आम्हाला त्याच्याकडूनच कळले. जोडीदार आंजी गावचा, हेही त्यानेच सांगितले. दुसऱ्या दिवशी आंजीला जोडीदाराच्या घरी झडती घेतली. तो ज्वारीच्या कणगीमागे अंग चोरून बसला होता. ड्रायव्हर मेला, हा पळाला, वर भांडण झालेले. सगळे जुळत होते. हवालदार म्हणाला, “साहेब, हे प्रकरण त मिटलंच समजा.”

ठाण्यात आणून चौकशी सुरू झाली. तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता. झुंजुमुंजू झाले होते. पुलाजवळ सडकेवर फांद्या पसरलेल्या आणि पुढे एक ट्रक बॉनेट उघडून उभा. त्याचा साथीदार गाडी थांबवून पाना घेऊन उतरला. हा लोटा घेऊन तुरीच्या शेतात गेला. तिथून ओरडणे ऐकू आले. तिघे जण दिसले, तोंडे बांधलेली. हा तुरीतच पडून राहिला आणि ते गेल्यावर पळाला.

“फांद्या पाहून थांबलेच काऊन?” मी विचारले.

त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी श्वास का घेता असे विचारले. “थांबाच लागते साहेब. फांद्या म्हंजे कोणाची तरी गाडी बंद पडली. ओळखीचा असो नाईतर नसो. आज त्याची, उद्या आपली. फांदी ओलांडून जाणारा डायवर नाई होत.”

“मोठा धर्मराजच लागून गेला!” हवालदार म्हणाला. “आन मंग दोस्ताले मरू देलं तुरीत बसून?”

तो गुडघ्यांत डोके घालून रडू लागला. खुनी माणूस रडत नाही असे नाही, रडतो. पण माझ्या अनुभवात तो स्वतःसाठी रडतो. हा “म्या उठाले पाह्यजे होतं, म्या उठाले पाह्यजे होतं” एवढेच म्हणत होता.

बाहेर कडुलिंबाखाली त्याची बायको बसून होती. मी निघालो तशी उठून उभी राहिली. “साहेब, माह्या माणसाले कोंबडी कापवत नाई. ते बी शेजाऱ्याकडून कापून घेतो. अन् तुमी त्याले फासावर चढवता?” हवालदाराला हसू आले. मलाही आले असते, पण तिचा चेहरा पाहून आले नाही.

मी पुन्हा पुलावर गेलो. फांद्या तिथेच सुकत पडल्या होत्या. या वेळी एक उचलून पाने चुरगळली. त्या उग्र वासाने मी थबकलो. सीताफळ. त्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यात सडकेच्या दोन्ही बाजूंना बाभळीशिवाय झाड नव्हते. फांद्या मोडलेल्याही नव्हत्या, कुऱ्हाडीने तोडलेल्या होत्या. ज्याची गाडी अचानक बंद पडते तो जवळचे झाड मोडतो. घरून फांद्या घेऊन येत नाही.

आणि सीताफळीची झाडे मी कुठे पाहिली होती? ज्यांच्या सावलीत बसून मी कित्येकदा चहा प्यायलो होतो तिथे. उस्तादच्या हॉटेलामागे.

खरे सांगायचे तर जाताना मला वाटत होते की माझे चुकत आहे. हवालदार तर वाटेत दोनदा म्हणाला, “साहेब, उस्तादवर शक घेता? लोक शेण घालतील तोंडात.”

उस्तादने नेहमीसारखी खाट टाकली. “या साहेब. चहा टाकतो. कबूल झाला का तो?”

मी मागे गेलो. झाडाच्या सडकेकडच्या बाजूला ताजे घाव होते.

“झाड बरंच छाटलं, उस्ताद?”

“हो ना, शेळीसाठी तोडल्या चार फांद्या. चारा कुठी राह्यला आता?”

शेळी तिथेच खुंट्याला बांधलेली होती. कॉलेजात जाण्याआधी आमच्या घरच्या शेळ्या मीच राखत होतो. शेळी काटे खाते, कडुलिंब खाते, वाळत घातलेले धोतर खाते. सीताफळीला तोंड लावत नाही. मी एक डहाळी तोडली आणि तिच्यापुढे धरली. तिने वास घेतला आणि तोंड फिरवले. मी पुन्हा धरली. ती मागे सरली.

हवालदार हसला, आणि मध्येच थांबला. उस्तादने हातातली किटली खाली ठेवली. मग हळूच खाटेवर बसला. पाय दुखत असल्यासारखा गुडघा चोळत राहिला.

“माह्या हॉटेलातच चहा घ्या,” तो शेवटी म्हणाला, “मंग चलतो.”

आम्ही चहा घेतला नाही.

गाठी त्याच्याच सांगण्यावरून शेजारच्या जिल्ह्यातल्या एका गोठ्यात, कडब्याखाली सापडल्या. दोन साथीदार आणि त्यांचा ट्रकही मिळाला. त्याचा कबुलीजबाब मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवला गेला. पण त्याआधी ठाण्यात तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही.

“मारायचं नव्हतं, साहेब. बांधून ठेवायचं होतं फक्त. माहं तोंड बांधेल होतं, पण त्यानं माही चाल ओळखली. म्हणे, ‘उस्ताद, तुमी? तुमची गाडी बंद पडली का? तुमी बसा, म्या पाह्यतो.’ अन् पाना घेऊन बॉनेटात वाकला.”

“मग?”

“हातातला पाना घेतला त्याच्या.”

माझी लेखणी थांबली. फांदी दिसली की थांबायचे, हे त्या पोराला कोणी शिकवले होते, ते मी विचारले नाही. त्यानेच सांगितले. “म्याच शिकवलं होतं.”

मला एक गोष्ट मात्र समजत नव्हती. मी विचारले, “बाभळी पुलाजवळच होत्या. मग घरून सीताफळीच्या फांद्या काऊन नेल्या?”

त्याला माझ्या प्रश्नाचे नवल वाटले. “बाभूळ कशी टाकाव सडकेवर, साहेब? काटे राह्यते. मागून येणाऱ्याच्या टायरात काटा गेला असता ना.”

हवालदार उठून बाहेर गेला. मी बसून राहिलो. माणूस मारायला निघालेल्याच्या हाताला सुद्धा धंद्याची चांगली सवय सुटत नाही, आणि ती सवयच त्याला पकडून देते, हे मी त्या दिवशी शिकलो. नंतरच्या नोकरीत मला ते पुष्कळ उपयोगी पडले. पण त्या वेळी मला फक्त गार वाटत होते.

जोडीदाराला सोडले तेव्हा बायको फाटकाशी उभी होती. कागदावर अंगठा देऊन तो निघाला आणि परत वळला.

“साहेब, आता सडकेवर फांद्या दिसल्या त काय कराव?”

मी उलट विचारले, “तू काय करशील?”

“थांबीन,” तो म्हणाला. “नाईतर मंग सडक कायची ते?”

उस्तादला आणि साथीदारांना जन्मठेप झाली. माझी बदली झाली, पुढे आणखी बदल्या झाल्या. ‘उस्तादनं फांद्या टाकून मारलं’ ही गोष्ट त्या सडकेवर सगळीकडे पसरल्याचे कानावर येत होते. आम्हा पोलिसांना वाटते, गुन्हेगार शिक्षेला गेला की प्रकरण संपले. फाइल बंद होते, एवढेच खरे. गुन्ह्याने जे मोडलेले असते ते पंचनाम्यात कुठल्या रकान्यात लिहायचे, हे मला कोणी शिकवले नाही.

निवृत्तीनंतर मी नालवाडीला राहायला आलो. शेजारी एक म्हातारा ड्रायव्हर आहे, आयुष्यभर हैदराबाद लाइनवर गाडी चालवलेला. एका दुपारी ओट्यावर बसलो असताना मी त्याला आंजीच्या त्या माणसाबद्दल विचारले. त्याने तंबाखू मळणे थांबवले.

“तो त कधीचाच गेला, साहेब. जॅक सरकला अन् गाडीखाली सापडला. किलीनर गाडी सोडून जाऊ शके ना. त्यानं मागंपुढं फांद्या टाकल्या. दिवसभर गाड्या जात राह्यल्या, कोणी थांबलं नाई. जित्ता होता म्हणते संध्याकाळपरेंत.”

तो सडकेकडे पाहत होता.

“म्या बी थांबलो नाई,” तो म्हणाला. “फांद्या पाह्यल्या, अन् गाडी जोरात काढली.”