मेव्हिसबाई आणि पहाटेचा अर्धा तास

मेव्हिस थॉर्नबरने एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्सच्या आसपासचं एकही तळघर तिने सोडलं नसेल. आता मीटर स्वतःच बोलतात, दर अर्ध्या तासाला एक आकडा, दिवसाचे अठ्ठेचाळीस. तेव्हा कंपनीने तिला दुकानदारांना हे आकडे समजावायच्या कामाला लावलं आणि गाडी चालवायला मला दिलं. बाई भारी चौकस. एखाद्या अर्ध्या तासाचा हिशेब लागला नाही, तर तिला जेवण गोड लागत नसे. मला या खोडीचा मनस्वी कंटाळा यायचा, कारण तेवढा वेळ मी उपाशी.

जूनमध्ये आम्ही डंकन सटक्लिफच्या बेकरीत गेलो. नवा मीटर फेब्रुवारीत बसला होता. डंकनने टेबलावर मीटरचा या महिन्याचा आलेख पसरला होता आणि त्याच्या शेजारी एक बंद पाकीट होतं.

"हे बघा. वॉल्टर कामावर येतो चारला. आणि माझी भट्टी सुरू होते अडीचला! दीड तास हा माणूस माझ्या विजेवर स्वतःचे टीकेक भाजून बाजारात विकतोय. एकोणतीस वर्षं विश्वास ठेवला. आज हे पत्र देतो आणि घरी पाठवतो."

वॉल्टर क्रॅब्ट्री मागे पीठ झाडत होता. त्याने सगळं ऐकलं, पण झाडणं थांबवलं नाही. कान मात्र लालबुंद झाले होते. मला फार वाईट वाटलं. साठीच्या माणसाला या गावात दुसरं कोण कामाला ठेवणार होतं?

मेव्हिसने चष्मा लावला. "भट्टी बंद कधी होते, राजा?"

"अकराला."

"इथं दहा दिसतात. चोर लवकर येईल, हे समजू शकते. पण तो लवकर भट्टी का बंद करेल? आणि दुकानाचे दिवे कोण लावतं?"

"मीच. आठला."

"इथं सातला लागलेत. म्हणजे तूही चोर का रे?"

मी हसू दाबलं. डंकनला राग आला. "मी आयुष्यात सातला आलेलो नाही!"

"ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे," वॉल्टर पहिल्यांदाच बोलला.

मेव्हिसने फेब्रुवारीचे कागद मागितले. त्यात दिवे बरोबर आठला लागलेले होते. मग ती बोट फिरवत एकेक दिवस पुढे सरकली आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी थांबली. बाईचा चेहरा असा खुलला, जणू हरवलेली किल्ली सापडली.

"त्या रविवारी तू दर वर्षीसारखं उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे केलंस ना? आपण सगळ्यांनीच केलं. मीटरने नाही केलं. तो बारा महिने ग्रिनिचच्याच, म्हणजे हिवाळ्याच्या वेळेवर चालतो. उन्हाळ्याच्या प्रत्येक आकड्यात एक तास मिळव."

डंकनने पेन्सिलने मिळवला. दिवे आठला आले, भट्टी अकराला बंद झाली. पण तो लगेच उसळला. "तरी भट्टी साडेतीनलाच सुरू होते! अर्धा तास उरतोच की!"

मेव्हिसने पुन्हा फेब्रुवारीचे कागद उलटले. हा अर्धा तास तिलाही सुटेना. फेब्रुवारीतही तो तसाच होता. तिने वळून वॉल्टरकडे पाहिलं.

वॉल्टरने हात पुसले. "चारला पाव आत घालायचा, तर भट्टी चारला तापलेली नको? थंड भट्टीत पाव फुगतो असं वाटलं होय तुला? तुझे वडील होते तेव्हा तेच येऊन ती चालू करायचे. ते गेल्याला नऊ वर्षं झाली. कुणीतरी यायलाच हवं होतं, डंकन."

"पण मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

मेव्हिसने वही काढली आणि साडेतीनच्या रकान्यात 'वॉल्टर' एवढंच लिहिलं. डंकनने पाकीट उचललं, दुमडलं आणि खिशात कोंबलं. त्याला वर बघवत नव्हतं.

"भट्टी कशी चालू करतात," त्याने विचारलं, "मला शिकवाल?"

"उद्या साडेतीनला ये," वॉल्टर म्हणाला. "आणि येताना स्वतःचं घड्याळ बघ. मीटरचं नको."