हेंकभाईला न मिळालेलं पत्र

हेंकभाईला सुरतेतल्या आमच्या खान्देशी मंडळाच्या अध्यक्षांनी फसवलं. फुटबॉलचा संघ घडवला त्याने, आणि कागदावर प्रशिक्षक म्हणून नाव लागलं अध्यक्षांच्या भाच्याचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावाकडच्या आणि इथल्या, दोन्हीकडच्या लोकांची तक्रार असते की मी मुद्द्यावर यायला फार वेळ घेतो. मुद्दा हा आहे. आता बाकीचं ऐका.

तो गेला त्या सकाळी सुरत स्टेशनच्या फलाटावर संघातले नऊ जण कारखान्यातली पाळी सोडून आले होते. हॉलंडचा माणूस, सव्वासहा फूट उंच, एका पायाने किंचित लंगडणारा. हातात एकच बॅग. आमची पोरं रडवेली झाली होती आणि हा प्रत्येकाला जवळ घेऊन त्याची चूक सांगत होता. तू डावा पाय वापरत नाहीस. तू बॉल दिल्यावर उभा राहतोस, उभं राहायचं नाही. निरोप असा. माझ्यापाशी आला तेव्हा मी रागाने लाल झालो होतो. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो सुरतच्या भाषेत म्हणाला, "चालशे, शेठ. चालशे." मी म्हटलं, "नाही चालणार." तेवढ्यात गाडी हलली.

मला माझी गाडी आठवली. तिकडे अमळनेरच्या बाजूला आमचं गाव. बाबा आठवडे बाजारात मिरची विकायचे. सतराव्या वर्षी मी सुरतेला निघालो तेव्हा आईने बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा दिला आणि म्हणाली, "तठे कोनाशी भांडू नको, भाऊ." बाबा मात्र खिडकीला धरून गाडीबरोबर चार पावलं चालले आणि त्यांनी त्यांच्या धंद्यातली गोष्ट सांगितली, "पहिला भाव आयकाना, मानना नही." आईचं मी एक दिवसही ऐकलं नाही. बाबांचं एवढं ऐकलं की त्यावर घर बांधलं.

सुरुवात बमरोलीच्या लूमच्या कारखान्यात. बारा तासांची पाळी, आठ लूम एकट्याकडे. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांना तो आवाज सांगता येत नाही. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. मूठ छातीशी नेली की मुकादम येतोय. तळहात पालथा फिरवला की माझ्याकडे बघ, मी जातो, तू सांभाळ. चेष्टासुद्धा हातांनी. कोणाच्या बायकोचा फोन आला, कोणाच्या डब्यात आज काय आहे, सगळं. गावी गेल्यावर पहिले दोन दिवस मी आईशीही हात हलवत बोलायचो. ती म्हणायची, हा मुका होऊन आला.

नऊ वर्षांनी कारखाना सोडला आणि कापडाचे फाटके-तुटके तुकडे घेऊन विकायला लागलो. आज डिंडोलीत माझं साडी आणि कटपीसचं दुकान आहे. शेजारी मोकळा प्लॉट आहे. तिथे पाळी सुटल्यावर आमची माणसं फुटबॉल खेळायची. बहुतेक खान्देशी, गोलकीपर ओडिशाचा. मी कधी बॉलला पाय लावलेला नाही. पण मैदान टिकवणं, प्लॉटमालकाशी भांडणं, पोलीस आले तर समजूत काढणं ही कामं मी केली. जर्सीही माझ्याच एका पिवळ्या लॉटमधून शिवल्या. म्हणून पोरं मला मॅनेजर म्हणायची. संघाला नाव मात्र मंडळाचं होतं.

हेंक माझ्या दुकानात पडद्याचं कापड घ्यायला आला. त्याची बायको इंजिनिअर, इच्छापोरच्या एका कारखान्यात तीन वर्षांसाठी आलेली. मी भाव सांगितला. त्याने मान डोलावली आणि पाकीट काढलं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. सांगितलेला भाव कोणी सरळ देतं का? मी रागावून स्वतःच भाव उतरवला, तरी तो वाद घालेना. तेव्हा त्याचं लक्ष भिंतीवरच्या संघाच्या फोटोकडे गेलं. म्हणाला, "यह कौन सिखाता है?" मी म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, "दिखता है."

असा माणूस मला आवडतो.

त्याची गोष्ट त्याने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, चहाबरोबर. समुद्राजवळचं गाव, घरी बटाट्याची शेती. पंधराव्या वर्षी एका शहरातल्या क्लबने त्याला निवडलं. वडिलांनी बटाट्याच्या गाडीतून नेऊन वसतिगृहाच्या दारात सोडलं आणि एकच वाक्य बोलले, "हरलास तरी जेवायला येत जा." अकरा वर्षं तो बचावफळीत खेळला, बहुतेक दुसऱ्या दर्जाच्या संघांतून. एक हंगाम सगळ्यात वरच्या दर्जात. त्या हंगामाबद्दल बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. मग गुडघा गेला. मग प्रशिक्षक झाला. दोनदा नेमला, दोनदा काढला. प्रशिक्षक म्हणजे काय ते त्याने मला समजावलं: जिंकलं तर खेळाडू जिंकले, हरलं तर तू हरलास. दुसऱ्यांदा काढल्यावर चार वर्षं त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बायको इकडे निघाली, तो मागोमाग आला. मी म्हटलं, म्हणजे तूही पोट भरायला सुरतेत. तो इतका हसला की चहा सांडला.

मग आमचा सौदा सुरू झाला. त्याला आठवड्यातून पाच दिवस सगळे एकत्र हवे होते. मी सांगितलं, दिवसपाळी आणि रातपाळी एकमेकांना फक्त सकाळ-संध्याकाळी सात वाजता दारात भेटतात. तो पाचवरून चारवर आला, मी शून्यावरून एकवर. तीन दिवस ठरले, सकाळी सव्वासात ते आठ. रातपाळीची माणसं झोपेआधी खेळणार, दिवसपाळीच्या माणसांसाठी मी तीन मुकादमांशी भांडून तासाभराची सूट मिळवली. तीन मुकादम! आई, माफ कर.

पहिले दोन महिने काही जमेना. सगळे बॉलमागे धावायचे. हेंकने एक दिवस मला सांगितलं, मला कारखाना दाखव. मी नेला. तो कानांत बोटं घालून दारात उभा राहिला आणि अर्धा तास हलला नाही. आमच्या संघातला रमेश आठ लूममधून फिरत होता, पाठीमागच्या लूमचा धागा तुटला तर न बघता वळत होता, आणि पलीकडच्या रांगेतल्या माणसाशी हातांनी बोलत होता. बाहेर आल्यावर हेंकने माझे दोन्ही दंड धरले. डोळे असे चमकत होते जणू त्याला परत वरच्या दर्जात घेतलं होतं. म्हणाला, "शेठ, यह लोग सब देखता है! पीछे भी देखता है! मैदान में क्यों नहीं देखता?"

दुसऱ्या दिवसापासून मैदानावर तोंड बंद. ओरडलं तर बाहेर. फक्त हात. तुटलेला धागा म्हणजे त्यांच्या बचावात फट पडली. पालथा तळहात म्हणजे मी जागा सोडतो, तू ये. छातीवर मूठ म्हणजे मागे माणूस आहे. नव्या भाषेचा त्याने एक शब्दही शिकवला नाही, आमचीच आम्हाला परत दिली. तीन आठवड्यांत तेच अकरा जण वेगळे दिसायला लागले. मी दुकान बंद ठेवून सकाळी उभा राहायचो आणि अंगावर काटा यायचा.

हिवाळ्यातल्या स्पर्धेत आम्ही एकामागून एक संघ पाडले. अंतिम सामना कॉलेजच्या मुलांशी होता. उंच, खाऊनपिऊन तयार, महागडे बूट. ते सारखे एकमेकांना हाका मारत होते आणि आमचे अकरा जण गप्प. प्रेक्षकांत कोणी तरी विचारलं, सगळे मुके आहेत की काय: "आ बधा मूंगा छे के?" एक-एक अशी बरोबरी होती. शेवटची मिनिटं. रमेशने चालता चालता दोन बोटं कात्रीसारखी हलवली, पलीकडून तळहात पालथा झाला, आणि बॉल अशा जागी गेला जिथे कोणीच नव्हतं. पण क्षणभरात आमचा माणूस तिथे होता. गोल! मी प्लॉटमालकाला मिठी मारली, ज्याच्याशी मी सहा महिने बोलत नव्हतो.

पुढे हेंकच्या बायकोची मुदत संपत आली आणि त्याच्या गावाजवळच्या क्लबकडून निरोप आला. तरुण मुलांच्या संघाला प्रशिक्षक हवा होता. त्यांनी एकच मागितलं: शेवटचा संघ कोणता, किती काळ शिकवलं, काय मिळवलं, याचं संस्थेचं पत्र. इतक्या वर्षांनंतर त्याच्यासाठी दार किलकिलं झालं होतं. मी छाती काढून अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "कागदावर जे नाव आहे, त्याचंच पत्र देता येईल, शेठ." आणि स्पर्धेचा नोंदणी फॉर्म पुढे केला. प्रशिक्षक म्हणून भाच्याचं नाव. खाली मॅनेजर म्हणून माझी सही.

ही सही माझीच आहे. नाकारत नाही. वर्षभराच्या स्पर्धांची नोंदणी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात होती. आखाजीला खान्देशी माणूस सुरतेत थांबत नाही हे तुम्ही जाणता. आमची गल्ली ओस पडते. स्टेशनला निघालो होतो, बायको रिक्षात बसली होती, तेव्हा अध्यक्षांनी कोरा फॉर्म पुढे केला. "सही करा, मी नंतर भरतो. आपलीच माणसं आहोत." साडीच्या लॉटमधली एकेक घडी उलगडून बघणारा मी, कोऱ्या कागदावर सही करून आखाजीला गेलो. गाडी चुकेल म्हणून. परक्याने पुढे केला असता तर शाईसुद्धा तपासली असती.

भाच्याला त्याच कागदावर एका शाळेत खेळशिक्षकाची नोकरी लागली होती. म्हणून नाव बदलायचं नव्हतं. मी कार्यालयातली खुर्ची उचलली, ती आपटली, काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी मी स्वतः पत्र लिहिलं, माझ्या दुकानाच्या लेटरहेडवर, वर पदर उडवणाऱ्या बाईचं चित्र. पोरांनी सगळ्यांनी सह्या केल्या. हेंकने ते जपून पाठवलं. उत्तर नम्र होतं: कापडाच्या दुकानाचं पत्र धरता येत नाही. जागा दुसऱ्याला गेली. आता तो शाळेची बस चालवतो आणि शनिवारी लहान मुलांना शिकवतो. परवा फोनवर त्याने सांगितलं की ती मुलंही हातांनी बोलायला लागली आहेत. आवाजात त्या दिवशी कारखान्याबाहेर होती तशीच धाप होती. मीही दुकानात उभा राहून ओरडत होतो, गिऱ्हाइकं बघत राहिली.

घर कुठे, असं पूर्वी कोणी विचारलं असतं तर मी गावाचं नाव सांगितलं असतं. आता गावी गेलो की मला पहिलं ताट वाढतात, पंख्याखाली बसवतात. तिथे काही खटकलं तरी मी गप्प बसतो. जिथे आपण राहत नाही तिथल्या माणसांना कोणत्या तोंडाने बोलणार? हेंकलाही इथे तसं बोलता आलं नाही, म्हणून तो 'चालशे' म्हणून गेला. डिंडोलीत मला गप्प बसता येत नाही. इथली चूक मला झोंबते, कारण ती माझ्या घरातली आहे.

म्हणून अध्यक्षसाहेब, येत्या वार्षिक सभेत सगळ्यांसमोर उभे राहा आणि सांगा: हा संघ कोणी घडवला? कोऱ्या फॉर्मवर ते नाव कोणी लिहिलं? आणि हेंकभाईचं पत्र मंडळाच्या शिक्क्यासह कधी जाणार? कोऱ्या कागदावर सही का केली, याचं उत्तर मी आधी देईन. खाली बसलो की लगेच तुम्ही उठायचं.